मर्क्सची सायकल तरी साधी होती का?

ब्रिटिश सायकलपटू ख्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये मँचेस्टरला सायकलवर एका तासात ५६.३७५ किलोमीटर अंतर कापलं. चार वर्षांनी त्याच ट्रॅकवर त्याच माणसाने ४९.४४१ किलोमीटर कापलं आणि अधिकृत विक्रम ठरला हा दुसरा! तासाच्या विक्रमाचा सगळा घोळ या दोन आकड्यांत आहे.

प्रकार तसा सरळ. ट्रॅकवर एकटा सायकलपटू, साठ मिनिटं, जास्तीत जास्त अंतर. गिअर एकच. ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. हेन्री देग्रांजने १८९३ मध्ये पॅरिसला ३५.३२५ किलोमीटर केले (पुढे टूर द फ्रान्स सुरू करणारा तो हाच). बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत ४९.४३१ केले. तिथे जायचं कारण विरळ हवा. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाला जवळजवळ ९० टक्के ताकद हवा कापण्यातच जाते, आणि वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद एक तृतीयांश जास्त लागते. म्हणून पाय बळकट करण्याइतकंच अंग आक्रसून घेणंही महत्त्वाचं.

मर्क्सचा गिअर ५२-१४ (पुढच्या चक्राला ५२ दाते, मागच्याला १४), ब्रिटनच्या ब्रॅडली विगिन्सचा २०१५ च्या विक्रमात ५८-१४. हिशोब केला तर दोघांचेही पाय मिनिटाला साधारण १०५ वेळा फिरले. फरक एवढाच की विगिन्सची सायकल पेडलच्या दर फेऱ्याला सुमारे ९० सेंटिमीटर जास्त पुढे गेली. तेवढा जड गिअर ओढता आला, कारण वारा कमी लागत होता.

स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने हे १९९३ मध्येच ओळखलं होतं. वॉशिंग मशीनचं बेअरिंग बसवलेली घरची सायकल, हात छातीखाली दुमडलेले, ५१.५९६ किलोमीटर. यूसीआयने (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) ती बसण्याची पद्धत बंद केली. मग हात समोर ताणून झोकून द्यायची ‘सुपरमॅन’ पद्धत आली. बोर्डमनचे ५६.३७५ त्यातलेच. तीही बंद. आणि २००० मध्ये फर्मान निघालं की मर्क्सच्या काळातल्यासारख्याच सायकलवर या, विक्रम परत ४९.४३१ पासून मोजू.

हे मला कधीच पटलं नाही. मर्क्सची सायकल एर्नेस्टो कोलनागोने खास या एका तासासाठी बांधली होती, वजन सहा किलोच्या आत, साखळीलासुद्धा भोकं पाडलेली. त्या काळातलं सगळ्यात पुढचं तंत्र होतं ते! त्याला ‘साधेपणा’चा दाखला करणं म्हणजे निव्वळ भाबडेपणा.

त्या नियमात २००० मध्ये बोर्डमनने मर्क्सला मागे टाकलं फक्त १० मीटरने. ट्रॅकच्या आतल्या बाजूला काळी रेघ असते, अंतर तिच्यावरून मोजतात. २५० मीटरच्या ट्रॅकवर रेघेपासून १० सेंटिमीटर बाहेरून चालवलं तर दर फेरीला सुमारे ६३ सेंटिमीटर फुकट जातात. सुमारे १९८ फेऱ्यांचे झाले १२४ मीटर. शेवटच्या वीस मिनिटांत मान आखडते, नजर खाली जाते आणि सायकल नेमकी तेव्हाच रेघ सोडते. सुरुवातीला जोशात जोर लावलेला असेल तर आणखी लवकर.

२०१४ मध्ये यूसीआयने आधुनिक ट्रॅक सायकलींना परत मुभा दिली. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंचेनला इटलीच्या फिलिपो गान्नाने ५६.७९२ किलोमीटर केले, तेही सुपरमॅन पद्धत न वापरता. बंदी घालून सव्वीस वर्षं राखलेला बोर्डमनचा ५६.३७५ हा आकडा शेवटी नियमात बसूनच मोडला.