लंगडणारा नायक चालत नाही

मालिका लिहायची ठरवलीत, छान केलंत. त्यातही गाजलेल्या दरोडेखोर जोडप्यावर, म्हणजे निम्मं काम झालंच म्हणायचं. नायक-नायिका दोघंही मेलेली, त्यामुळे अब्रुनुकसानीचा दावा लावायला येणार नाहीत. नावं सगळ्यांनी ऐकलेली, माहिती फारशी कुणालाच नाही. माझं ऐकाल तर बॉनी आणि क्लाइडच घ्या. टेक्सासची ही जोडी १९३४ साली गोळ्या खाऊन मेली, आणि तेव्हापासून दर काही वर्षांनी कुणीतरी त्यांना उठवतं, आंघोळ घालतं, इस्त्रीचे कपडे चढवतं आणि पडद्यावर पाठवतं. यातली आंघोळ महत्त्वाची आहे. तिच्याकडे येऊच.

कित्ता गिरवायला डिसेंबर २०१३ मधली दोन रात्रींची अमेरिकी मालिका समोर ठेवा. दिग्दर्शक ब्रूस बेरेसफर्ड, क्लाइड झालेला एमिल हर्श, बॉनी झालेली हॉलिडे ग्रेंजर. ती एकाच वेळी तीन वाहिन्यांवर लागली आणि त्यातल्या एकीचं नावच ‘हिस्टरी’. हे बारकाईने शिकून घ्या. पाटीवर ‘शुद्ध तूप’ लिहिलेलं असलं की डब्यात कुणी नाक घालत नाही.

तर या मालिकेने क्लाइडला एक देणगी दिली: त्याला पुढचं आधीच दिसतं. दिव्यदृष्टी! पोलिसांच्या दप्तरात क्लाइड बॅरोच्या नावावर मोटारचोऱ्या आहेत, दरोडे आहेत, खून आहेत. दिव्यदृष्टी तेवढी नाही. पण लेखकाला ती फार सोयीची. स्वप्नात धूसर काहीतरी दाखवायचं, मागे व्हायोलिन लावायचं, की पात्राला खोली आली. फक्त एक खबरदारी घ्या. एकदा नायकाला पुढचं दिसायला लागलं की त्याला जे जे दिसलं नाही ते सगळं कथेतून काढून टाकावं लागतं. आणि ते, कसं सांगू, बरंच आहे.

सुरुवात पायापासून करा. क्लाइड ईस्टहॅमच्या तुरुंगशेतीवर होता. राबवून जीव घेणारी जागा. तिथल्या कष्टातून सुटण्यासाठी जानेवारी १९३२ मध्ये त्याने डाव्या पायाची दोन बोटं कुऱ्हाडीने तोडली, किंवा दुसऱ्या कैद्याकडून तोडून घेतली. इकडे त्याची आई सुटकेसाठी खेटे घालत होती, तिचा अर्ज मंजूर झाला आणि सहा दिवसांनी स्वारी पॅरोलवर बाहेर. सहा दिवस! गल्लीतला पोपटवाला ज्योतिषीसुद्धा म्हणाला असता, “थांब रे बाबा आठवडाभर.” त्यानंतर क्लाइड आयुष्यभर लंगडला. तेव्हा बोटं सरळ गाळा. लंगडणारा नायक चालत नाही.

ईस्टहॅम मात्र दोन मिनिटं ठेवा, धुळकट रंगात. त्याहून जास्त नको, कारण तिथे थांबलात तर पंचाईत होईल. तिथे एक कैदी त्याच्यावर वारंवार लैंगिक अत्याचार करत होता आणि क्लाइडने त्याला पाइपने ठार मारलं. तो त्याचा पहिला खून. बाहेर आल्यावर त्याच्या डोक्यात बँका कमी आणि ईस्टहॅमच जास्त होतं; जानेवारी १९३४ मध्ये त्याने खरोखरच तिथून कैदी पळवून नेले आणि त्यात एक रखवालदार मेला. हे दाखवलंत तर प्रेक्षक तुरुंगाचा विचार करायला लागेल. मालिका बघायला बसलेल्या माणसाला विचार करायला लावणं हा त्याचा अपमान आहे. त्यापेक्षा २०१३ चा मार्ग बरा. सगळं खापर बाईवर फोडायचं. बॉनीला प्रसिद्धीची हाव होती, तिने त्याला नादी लावलं, वर्तमानपत्रात नाव यावं म्हणून हे सगळं घडलं. वाटोळं झालं की त्यामागची बाई शोधायची, हे आपल्याकडेही कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही.

सोबत बॉनीच्या तोंडात चिरूट हवाच. त्या फोटोवर तर सगळा डोलारा उभा आहे. १३ एप्रिल १९३३ ला मिसूरीतल्या जॉप्लिनमध्ये पोलिसांनी टोळीच्या घराला वेढा घातला. दोन पोलीस मारून टोळी पळाली आणि कॅमेऱ्याचे न धुतलेले रोल मागे राहिले. तिथल्या ‘जॉप्लिन ग्लोब’ने ते धुऊन घेतले. जत्रेत लाकडी घोड्यावर बसून फोटो काढावा तशी पोरांनी मोटारीपुढे केलेली थट्टा, त्यातच बॉनीच्या तोंडात तो चिरूट. देशभर छापला गेला. ती प्रत्यक्षात कॅमल सिगारेटी ओढायची, पण ‘चिरूट ओढणारी बाई’ या मथळ्यासमोर कॅमलचं काय चालणार? टोळीतला डब्ल्यू. डी. जोन्स, सामील झाला तेव्हा सोळा वर्षांचा, पुढे म्हणाला की त्याने बॉनीला गोळी झाडताना कधी पाहिलंच नाही. हे वाक्य वाचलंत तरी वाचलं नाही असं समजा. पोस्टरवर तिच्या हातात बंदूक आधीच छापून झालेली असते.

तिच्या लग्नाचं काय करायचं, हा खरा पेच. बॉनी सोळा पूर्ण व्हायच्या आत रॉय थॉर्नटन नावाच्या मुलाशी लग्न करून बसली होती. दोघं वेगळे झाले, पण घटस्फोट कधीच झाला नाही आणि मेली तेव्हा तिच्या बोटात त्याचीच अंगठी होती. आपल्याकडे असती तर नुसत्या या अंगठीवर आठशे भाग निघाले असते. सासू दर शुक्रवारी ती अंगठी ओळखता ओळखता राहिली असती. पण तुम्हाला चार तासांत आटपायचं आहे. नवरा काढून टाका.

आता आंघोळ. जुलै १९३३ नंतर ही मंडळी रानात चूल पेटवून जेवत होती आणि थंड ओढ्यात अंग धूत होती, कारण बँडेज बांधलेल्या माणसांना मोटेलात नेलं की मालक पोलिसांना बोलावणार. मोठ्या बँका त्यांनी फारशा लुटल्याच नाहीत. बहुतेक वेळा किराणा दुकानं आणि पेट्रोल पंप, म्हणजे मंदीत आधीच टेकीला आलेली माणसं. गरिबांचा कैवारी दाखवायचा बेत असेल तर गल्ला कुणाचा होता हे कॅमेऱ्यात येऊ देऊ नका.

आणि बँडेज कसली? इथे आपल्या दिव्यदृष्टीवाल्याची पुन्हा आठवण काढू. १० जून १९३३ च्या रात्री टेक्सासमधल्या वेलिंग्टनजवळ भरधाव जाताना त्याला पुलाचं काम चालू असल्याच्या धोक्याच्या पाट्या दिसल्या नाहीत. भविष्य दिसतं, पाटी दिसत नाही! गाडी खाली कोसळली, बॅटरीचं आम्ल बॉनीच्या उजव्या पायावर सांडलं आणि मांस भाजून निघालं. ती पुन्हा धड चाललीच नाही. एका पायावर उड्या मारायची, नाहीतर क्लाइड तिला उचलून न्यायचा. म्हणजे शेवटचं जवळपास वर्षभर हे जोडपं असं: एकाची दोन बोटं नाहीत, दुसरीला पाय टेकवत नाही, आणि लंगडा तिला उचलून मोटारीत बसवतोय. खरं सांगायचं तर या एवढ्या प्रसंगापुढे तुमची चार तासांची मालिका फिकी पडेल. म्हणूनच तो टाळा. नायिकेला उंच टाचांचे बूट घालून शेतातून पळवा.

मेलेल्यांबद्दल. टोळीच्या नावावर साधारण तेरा खून मानले जातात, त्यातले नऊ पोलीस किंवा तसेच कायद्याचे रखवालदार. तेराच्या तेरा दाखवलेत तर प्रेमकथेला जागा उरणार नाही. फार तर एखादा जाडजूड, उर्मट पोलीस मारा. टोपी उडून पडली की झालं. १ एप्रिल १९३४, ईस्टरच्या रविवारी, ग्रेपव्हाइनजवळ मारलेल्या दोन गस्तवाल्या पोलिसांच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यातला मर्फी बावीस वर्षांचा होता, त्याचं लग्न ठरलं होतं, आणि त्याची वाग्दत्त वधू लग्नासाठी घेतलेला पोशाख घालून त्याच्या अंत्यविधीला आली. असल्या मुलीला पडद्यावर आणून तुम्ही नायक-नायिकेचं चुंबन कुठे बसवणार?

वकिलांकडेही लक्ष असू द्या. १९६७ च्या गाजलेल्या चित्रपटात फ्रँक हेमर हा अधिकारी या जोडप्याच्या हाती सापडतो आणि त्याची फजिती होते असं दाखवलं. प्रत्यक्षात शेवटच्या सकाळपर्यंत हेमरची आणि त्यांची गाठच पडली नव्हती. त्याची बायको आणि मुलगा कोर्टात गेले, निर्मात्यांना १९७१ मध्ये तडजोड करावी लागली. क्लाइडची वहिनी ब्लँचही तेव्हा जिवंत होती आणि पडद्यावरची किंचाळणारी ब्लँच पाहून भडकली. थोडक्यात, वारसदार संपेपर्यंत कळ काढा. इतिहास हा असा पदार्थ आहे की जितका शिळा तितका बिनधोक.

शेवट तर तयारच आहे, २३ मे १९३४, लुईझियानाचा रस्ता, सकाळचे सव्वानऊ. टोळीतल्याच हेन्री मेथ्विनच्या बापाचा ट्रक कडेला बिघडल्यासारखा उभा करून ठेवला होता. झुडपात हेमरसकट सहा बंदूकवाले पोलीस. ओळखीचा ट्रक पाहून क्लाइडने गाडी हळू केली. हो, त्यानेच, ज्याला सगळं आधी दिसतं त्याने. सुमारे १३० गोळ्या झाडल्या गेल्या. इथे गती मंदावा, केस उडू द्या, एकमेकांकडे बघू द्या. त्यानंतर लगेच श्रेयनामावली सुरू करा, एक मिनिटही पुढे जाऊ नका, कारण पुढे लोक आले. कुणी बॉनीचे केस कापले, कुणी झग्याचे तुकडे फाडले, एक जण क्लाइडचं चाप ओढायचं बोट कापायला निघाला होता. प्रेतं आर्केडियाला नेली, एका फर्निचरच्या दुकानात. अंत्यविधीचं काम तिथेच चालायचं. दोन हजार वस्तीच्या त्या गावात काही तासांत बारा हजार माणसं जमली. पंधरा सेंटची बिअरची बाटली पंचवीस सेंटला गेली. हॅम सँडविचेस संपली.

बॉनीने कवितेत लिहिलं होतं की आपल्याला शेजारी शेजारी पुरतील. तिच्या आईने ते होऊ दिलं नाही, त्यामुळे दोघं डॅलसमध्ये वेगवेगळ्या दफनभूमींत आहेत. तुम्ही मात्र एकाच कबरीवर दोन गुलाब ठेवा, आणि त्यावरून ‘सत्य घटनांवर आधारित’ ही पाटी अलगद फिरवा. अक्षरं जरा मोठी घ्या, म्हणजे मागची कबर नीट दिसणार नाही.