स्थलांतराविषयी मत बाळगणाऱ्यांसाठी काही सूचना

परदेशांतून येणाऱ्या लोकांविषयी आपले ठाम मत असावे आणि त्या मतापुढे सरकारने मान तुकवावी, अशी आपली इच्छा असेल, तर पहिले पथ्य हे की देशात असे लोक नेमके किती आहेत, हे चुकूनही तपासू नये. अनेक देशांतल्या पाहण्यांत लोकांनी अंदाजाने सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा बराच फुगलेला निघतो. हा रूढ पायंडा आपणच कशाला मोडायचा? जमल्यास घरही अशा ठिकाणी बघावे, जिथे परका माणूस वर्षाकाठी एखादाच दिसतो. स्वित्झर्लंडमध्ये 9 फेब्रुवारी 2014 रोजी स्थलांतरावर मर्यादा घालणारे सार्वमत 50.3 टक्क्यांनी मंजूर झाले, तेव्हा परदेशी लोकांनी गजबजलेल्या झ्युरिक, जिनिव्हा आणि बासेल या शहरांनी विरोधात कौल दिला होता, तर ज्यांना शेजारी परदेशी क्वचितच लाभतो अशा कितीतरी खेड्यांनी बाजूने. (इटलीच्या सीमेवरच्या तिचिनो प्रांताने परदेशी भरपूर असूनही बाजूने कौल देऊन हे गणित बिघडवले खरे, पण अपवादांकडे लक्ष देऊ लागलात तर मत ठाम कसे राहणार?) पुढे डिसेंबर 2016 मध्ये संसदेने जो कायदा केला, त्यात संख्येची मर्यादा नव्हतीच, बेकारी अधिक असलेल्या व्यवसायांतील रिकाम्या जागा आधी रोजगार कार्यालयाला कळवाव्यात, एवढेच काय ते होते.

जनमत चाचणीवाल्याचा फोन आला की मात्र सावध राहा. ‘स्थलांतर बरेच वाढावे, थोडे वाढावे, आहे तेवढेच राहावे, थोडे घटावे की...’ एवढे तो म्हणतो न म्हणतो तोच ‘बरेच घटावे’ असे सांगून मोकळे व्हा. धोका त्याच्या पुढच्या प्रश्नात असतो. परिचारिका? ‘त्या सोडून.’ डॉक्टर? ‘तेही सोडून.’ म्हाताऱ्यांची देखभाल करणारे, शेतातली फळे तोडणारे? इथे घसा खाकरावा आणि कामाची घाई असल्याचे सांगावे. यादी संपेपर्यंत घटवायला फारसे कोणी उरलेले नसले, तरी काळजी नको. बातमीचा मथळा पहिल्या उत्तराचाच होतो आणि पुढारी मथळेच वाचतात.

मथळ्यातून आश्वासन कसे घडते, हे ब्रिटनकडून शिकावे. निव्वळ स्थलांतर, म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा करून उरणारी संख्या, वर्षाला 1 लाखाच्या आत आणू, असे वचन हुजूर पक्षाने 2010 मध्ये दिले आणि सत्तेत असताना ते एकदाही पाळले नाही. 2016 मध्ये 51.9 टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हा ही संख्या 3 लाखांच्या वर होती. सीमेचा ताबा हाती आल्यावर, त्याच पक्षाच्या राजवटीत, जून 2023 अखेरच्या वर्षात ती 9 लाखांवर गेली. देखभाल करणाऱ्या कामगारांसाठी फेब्रुवारी 2022 मध्ये व्हिसाचे दार उघडले, ते सरकारनेच. माणसे मिळत नाहीत म्हणून ओरडणाऱ्या संस्थाचालकांना कोणी फोन करून मत विचारत नाही. ते थेट मंत्र्यांकडे जातात. आपण असले काही मनाला लावून घेऊ नये. सार्वमतानंतर पुष्कळ ब्रिटिशांनी ते घेतलेही नाही, आणि चिंतेच्या यादीत स्थलांतराचा क्रमांक काही वर्षे खालीच राहिला.

एवढे करूनही मत बदलण्याची लहर आलीच, तर निदान मुहूर्त पाहून बदलावे. अमेरिकेत स्थलांतर घटावे असे गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत 2024 मध्ये 55 टक्के लोक म्हणत होते, आणि 2025 च्या उन्हाळ्यात तसे म्हणणारे 30 टक्केच उरले. मधल्या काळात निवडणूक होऊन गेली होती, आणि स्थलांतरितांच्या धरपकडीचे आदेश अजून 55 टक्क्यांच्याच हिशेबाने निघत होते.