‘रात्री लावा, सकाळी खेळा’ म्हणणाऱ्यांना एक हिशेब

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने साठवलेल्या पैशांतून संगणकावरचा एक गेम विकत घेतला आणि तिसऱ्याच दिवशी मला फोन करून विचारले, “मामा, पैसे तर भरले, मग गेम सुरू का होत नाही?” तो सावंतवाडी तालुक्यातल्या एका गावात राहतो. त्याच्या घरी फायबरची तार अजून पोहोचलेली नाही. घरातले इंटरनेट म्हणजे त्याच्या आईच्या मोबाइलचे हॉटस्पॉट, दिवसाला २ जीबी. गेम घेतला तो वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारा एक संदेश वाचून. तोच संदेश नंतर मला आणखी दोन ग्रुपांवर दिसला आणि दोन्हीकडे त्याखाली कौतुकाचे अंगठे होते, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

संदेश असा आहे: “डिस्कचा जमाना संपला. डिजिटल गेम एकदा घ्या, आयुष्यभर तुमचाच. नेट स्लो असेल तरी काळजी नको, रात्री डाउनलोड किंवा अपडेट लावा, सकाळी खेळा. एकदा उतरला की ऑफलाइन मोडमध्ये नेट लागतच नाही. आवडला नाही तर पैसे परत. तक्रार करणाऱ्यांना सेटिंग कळत नाहीत.”

‘रात्री लावा, सकाळी खेळा’ हे ज्याने लिहिले, त्याने साधा गुणाकार केलेला नाही. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि गेमचा आकार गिगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिटवर, नेला. हा किमान वेग एकदाही न तुटता मिळाला, तर तासाला ९०० एमबी म्हणजे आठ तासांच्या रात्रीत सात जीबीच्या किंचित वर उतरते. भाच्याचा गेम ६२ जीबीचा आहे. म्हणजे वीज न जाता आणि रेंज न जाता नऊ रात्री. १० एमबीपीएसची जोडणी असती तरी जवळजवळ चौदा तास लागले असते. त्याच्याकडे तर रोजची मर्यादा २ जीबीची आहे. घरातल्या कोणी मोबाइलला हातही लावला नाही, तरी एकतीस दिवस. अनेक योजनांमध्ये मर्यादा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि त्या वेगाने रात्रभरात जेमतेम २३० एमबी उतरतात. ज्यांच्या गावात ५जी आहे आणि ज्यांची योजना अमर्याद आहे, त्यांचे गणित वेगळे, हे मला मान्य आहे. पण संदेशात ‘नेट स्लो असेल तरी’ असे स्पष्ट म्हटले आहे.

हे झाले पहिल्या वेळचे. अपडेटचा त्रास त्यानंतर सुरू होतो आणि तो संपत नाही. गेममधली चित्रे, आवाज, नकाशे अनेकदा काही मोठ्या फायलींमध्ये एकत्र बांधलेले असतात. स्टीमसारखी, संगणकाचे गेम विकणारी ऑनलाइन सेवा या फायलींचे साधारण एकेक एमबीचे तुकडे करते आणि बदललेले तुकडेच पाठवते. ही पद्धत चांगली आहे. परंतु गेम बनवणाऱ्याने ती मोठी फाइल नव्याने बांधली आणि आतला क्रम हलला, तर चार ओळींच्या दुरुस्तीसाठीही कित्येक जीबी पुन्हा उतरवावे लागतात. शहरातल्या जलद जोडणीवर हे कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून फायली नीट बांधण्याची काळजी घेण्याचा दबाव बनवणाऱ्यावर येत नाही. आणि इंटरनेट चालू असेल, तर अपडेट पूर्ण होईपर्यंत ‘खेळा’च्या जागी ‘अपडेट करा’ एवढेच बटण राहते. आदल्या दिवशी चालणारा गेम दुसऱ्या दिवशी आठवडाभर बंद होतो तो असा.

‘आवडला नाही तर पैसे परत’ हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण यावर विसंबून मुले पैसे भरतात. स्टीमचा जाहीर नियम असा आहे की खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मिळतात. नियम वाईट नाही. पण चौदा दिवस मोजले जातात ते पैसे भरल्यापासून, गेम उतरल्यापासून नव्हे. ज्याला गेम उतरवायलाच महिना लागणार, त्याची मुदत तो गेम एकदाही उघडण्याआधी संपून जाते. भाच्याच्या घरी रोज दीड जीबी गेमला आणि अर्धा जीबी घराला अशी वाटणी आहे. चौदाव्या दिवशी त्याच्याकडे २१ जीबी होते, म्हणजे गेमचा एक तृतीयांश. आवडला की नाही हे त्याने कशावरून ठरवावे? दोन तासांची अटही अशीच फसते. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर स्टीमवर आला तेव्हा बहुतेक सामग्री गेम उघडल्यानंतर त्याच्या आतूनच उतरत होती, आणि तो सगळा वेळ खेळण्याचा वेळ म्हणून मोजला जात होता. विमान धावपट्टीवर येण्याआधीच अनेकांचे दोन तास संपले.

आता ‘आयुष्यभर तुमचाच’. याचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आहे, आणि ज्यांना शंका असेल त्यांनी तो काढून वाचावा. सप्टेंबर २०२४ मध्ये संमत झालेला एबी २४२६ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. आपण मालक होत नसून फक्त परवाना घेत आहोत हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूसाठी ‘विकत घ्या’ असे शब्द विक्रेत्याला वापरता येत नाहीत. त्यातून सूट आहे ती कायमची उतरवून घेता येईल आणि इंटरनेटशिवाय वापरता येईल अशा वस्तूंना. म्हणजे बाकीच्या वस्तू तशा नाहीत, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. स्टीमने ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरण्याच्या पानावरच लिहायला सुरुवात केली की या खरेदीतून परवाना मिळतो. विक्रेता स्वतः जे म्हणत नाही, ते आपण ग्रुपवर मुलांना का सांगावे?

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. युबिसॉफ्ट या कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला, डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ रोजी तो चालवणारे कंपनीचे संगणक, म्हणजे सर्व्हर, बंद झाले आणि त्यानंतर लोकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला गेला. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवर अवलंबून असल्यामुळे डिस्क घेतलेल्यांच्या हातीही काही राहिले नाही. विकलेले गेम असे बंद पाडू नयेत, या मागणीसाठी त्यातून उभ्या राहिलेल्या मोहिमेला युरोपीय संघात दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या दिल्या.

डिस्कबद्दल मात्र संदेशातले म्हणणे अर्धे खरे आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’ च्या प्लेस्टेशन ५ या गेम खेळण्याच्या यंत्रासाठीच्या डिस्कवर सुमारे ७० एमबीच होते, बाकी सगळे इंटरनेटवरून. सवलतीच्या दिवसांत डिजिटल गेम स्वस्त पडतो, हेही खरे. आणि जीओजी या दुकानात गेमची स्थापना-फाइल उतरवून आपल्या हार्डडिस्कवर ठेवता येते, ती चालवायला दुकानाची परवानगी पुन्हा लागत नाही. तिथे ‘आयुष्यभर’ हा शब्द बराचसा खरा ठरतो. संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

ऑफलाइन मोडबद्दल थोडक्यात. तो वापरण्याआधी एकदा इंटरनेटवरून खात्यात शिरावे लागते आणि गेम पूर्ण उतरलेला असावा लागतो. काही गेम एकट्याने खेळतानाही जोडणी मागतात. मार्च २०२२ मध्ये ‘ग्रान तुरिस्मो ७’ चे सर्व्हर एक दिवसाहून अधिक बंद राहिले, तेव्हा त्यातला एकट्याने खेळायचा बहुतेक भागही बंद होता.

राहिला सेटिंगचा मुद्दा. सेटिंग आहेत आणि ती मी भाच्याला लावून दिली आहेत: अपडेटची वेळ ठरवणे, वेगावर मर्यादा घालणे, गेम उघडेपर्यंत अपडेट न करणे. फेब्रुवारी २०२३ पासून स्टीमवर एका संगणकावरून शेजारच्या संगणकावर गेम पाठवण्याचीही सोय आहे, पण त्यासाठी तोच गेम असलेला दुसरा संगणक जवळ हवा. रोजची २ जीबीची मर्यादा कुठल्याही सेटिंगने वाढत नाही.

हा हिशेब भाच्याने स्वतःच्या हाताने लिहून वर्गाच्या ग्रुपवर टाकला आहे. काल रात्रीपर्यंत त्याचे १९ जीबी उतरायचे बाकी होते.