काउंटरवेट म्हणून उभी केलेली माणसे

आज सकाळी वडोदऱ्याच्या मकरपुरा जी.आय.डी.सी.त, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, भाच्याच्या वर्कशॉपकडे जाताना एका शेडसमोर मी रिक्षा थांबवली. तीन टनी फोर्कलिफ्टच्या, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी काट्यांवर माल उचलून नेणाऱ्या यंत्राच्या, काट्यांवर एक भलेमोठे लाकडी खोके होते. ते उचलले की यंत्राची मागची चाके जमिनीपासून वीतभर सुटत होती, आणि त्यावर उपाय म्हणून दोन मुलांना मागच्या ओतीव वजनावर, म्हणजे काउंटरवेटवर, उभे केले होते. चालकाच्या डोक्यावरच्या लोखंडी जाळीचे खांब धरून ती दोघे हसत होती. चालवणारा मुलगा जेमतेम वीस वर्षांचा असेल. मी खाली उतरून ओरडले, तेव्हा तो अगदी शांतपणे म्हणाला, "रोजनुं छे, बेन. चालशे."

हे "चालशे" ऐकले की माझ्या डोळ्यांसमोर एक चप्पल येते.

१९९७ सालची गोष्ट. मार्च एंडिंगचे दिवस होते आणि मी याच वसाहतीतल्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळत होते. संध्याकाळी साडेपाचला ट्रक सुटायचा होता आणि चार खोकी अजून शेडमध्येच होती. आमचे ऑपरेटर काका वयाने मोठे आणि फार जपून चालवणारे होते. जेवायला जातानासुद्धा काटे जमिनीला टेकवून, न्यूट्रल करून, हँडब्रेक ओढून किल्ली खिशात घालून जायचे. ते मला म्हणाले, "ताई, एकावर एक नको, दोन जास्तीच्या फेऱ्या करू." मी म्हणाले, "काका, आजच्या दिवस चालवून घ्या." एकावर एक ठेवलेले खोके हलू नये म्हणून पादरा गावाकडून येणारा आमचा हेल्पर उजव्या बाजूने हात लावून चालत निघाला. शेडच्या कोपऱ्यावर काकांनी डावीकडे वळवले. त्यानंतरचा आवाज मी इथे लिहिणार नाही.

फोर्कलिफ्ट मोटारीसारखी वळत नाही, हे तिच्या शेजारून रोज चालणाऱ्या कितीतरी लोकांना आजही कोणी सांगितलेले नसते. तिचे स्टिअरिंग मागच्या चाकांना असते. त्यामुळे तोंड डावीकडे वळले की शेपूट उजवीकडे फेकले जाते, आणि तेही चांगलेच लांब. उजव्या बाजूने चालणारा माणूस समोरच्या खोक्याकडे बघत असतो आणि मागचे चाक त्याच्या पायावर येते. तीन टन उचलणाऱ्या यंत्राचे स्वतःचेच वजन चार टनांच्या वर असते. आमच्या त्या मुलाच्या पायात रबरी चप्पल होती, आणि तिचा तुटलेला पट्टा त्याने सेफ्टी पिन लावून धरून ठेवलेला होता. त्याला गाडीत घालून नेल्यावरही ती चप्पल चाकाखालीच राहिली होती.

आता आजच्या त्या दोन मुलांविषयी. मागचे वजन वाढवले की तोल सावरतो, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो, आणि म्हणूनच तो घातक आहे. पुढची चाके हा तराजूचा टेकू, पुढे माल, मागे यंत्राचे वजन. मागची चाके उचलली जातात म्हणजे यंत्र स्पष्ट सांगत असते की हा माल माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. शिवाय स्टिअरिंग मागच्याच चाकांना असल्यामुळे ती हलकी झाली की यंत्र वळवणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. काट्यावरचा माल अचानक घसरला तर मागची बाजू धाडकन खाली आपटते, आणि तिथे उभी असलेली मुले कुठे फेकली जातील हे कोणीच सांगू शकत नाही. प्रत्येक फोर्कलिफ्टवर क्षमतेची एक पट्टी ठोकलेली असते. तीन टन म्हणजे कसाही तीन टनांचा माल नव्हे. सामान्यतः या आकाराच्या यंत्रात मालाचा गुरुत्वमध्य काट्यांच्या उभ्या पाठीपासून ५०० मिलिमीटरवर असेल, तेव्हाचे ते तीन टन. खोके लांब असेल तर वजन तेवढेच राहूनही क्षमता घटते. पट्टी वाचायला एक मिनिट लागते. आज मी ती वाचायला वाकले, तर तिच्यावर ग्रीसचा इतका थर होता की एकही आकडा दिसत नव्हता.

मला कोणाचा राग येतो म्हणून विचाराल, तर त्या वीस वर्षांच्या मुलाचा नाही. त्याला कोणी शिकवलेच नाही. आधीचा ऑपरेटर सोडून गेला, हा हेल्पर होता, एका दुपारी किल्ली त्याच्या हातात दिली आणि झाला तो ऑपरेटर. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, हाताच्या कामालाही शिक्षण लागते हे मानून काढली, त्या शहरात चार टनांचे यंत्र असे सोपवले जाते, याची मला लाज वाटते. यंत्र कलंडू लागले तर उडी मारायची नाही, हे त्याला माहीत नव्हते, मी विचारले तर म्हणाला, "कूदी जवानुं," म्हणजे उडी मारायची. उडी मारणारा नेमका वरच्या जाळीखाली सापडतो. सीटबेल्ट लावून, स्टिअरिंग घट्ट धरून, पाय रोवून, कलंडण्याच्या उलट दिशेला अंग झुकवायचे, हे एका सकाळी शिकवता येते. मालाने समोरचे दिसेनासे झाले तर रिव्हर्समध्ये चालवायचे, उतारावर भरलेला माल चढाच्या बाजूला ठेवायचा आणि उतारावर वळायचे नाही, हेही. रिकामी फोर्कलिफ्ट वेगात वळवली तर भरलेलीपेक्षा लवकर आडवी होऊ शकते, हे ऐकून तर तो चकितच झाला.

लहान कारखान्याला स्वतंत्र प्रशिक्षित ऑपरेटर ठेवणे जड जाते, हे मान्य. ऑर्डर वेळेवर गेली नाही तर पुढची मिळत नाही, हेही मान्य. मी त्याच खुर्चीवर बसलेली आहे.

पण त्या दिवशी काकांना सगळे येत होते, हे मला विसरता येत नाही. शिक्षण होते, अनुभव होता, सावधपणा होता. तोंडाने "नको" म्हणूनही झाले होते. त्यांच्या "नको"वर माझे "चालवून घ्या" चढले, कारण मी ऑफिसातली होते आणि ते कामगार होते. चौकशीत सगळ्यांनी काकांना प्रश्न विचारले. मला कोणी विचारले नाही, आणि मीही आपण होऊन बोलले नाही. हे मी आज पहिल्यांदाच असे उघड लिहिते आहे.

आमचा तो हेल्पर वाचला. उजव्या पायाची तीन बोटे गेली. आता त्याची पादऱ्याला किराण्याची गादी आहे, आणि दिवाळीला त्याचा फोन येतो. त्याने मला कधी एका शब्दाने दोष दिलेला नाही. तो दोष देता तर मला सोपे गेले असते.

आज मी हटून उभी राहिले तेव्हा ती दोन्ही मुले अखेर खाली उतरली. खोके उघडून माल दोन फेऱ्यांत नेला. मी घड्याळ लावून बसले होते: अकरा मिनिटे जास्त लागली. त्या शेडच्या मालकांची आणि आमची दांडिया बाजारातल्या गणेशोत्सवापासूनची ओळख आहे. संध्याकाळी त्यांना फोन केला, तर आधी ते हसले, मग थोडे चिडले, आणि शेवटी म्हणाले, "ताई, उद्या या, बोलू." उद्या दहा वाजता जाणार आहे. ती पट्टी पुसायला रॉकेल आणि चिंधी पिशवीत भरून ठेवली आहे.