लोकसाहित्य करायचंय? मग जर्मनच्या आधी कन्नड

आपल्या सातारा-सांगलीकडची मुलं लोकसाहित्य किंवा मानववंशशास्त्र घेतात आणि लगेच विचारतात, जर्मनचा क्लास लावू की फ्रेंचचा? मला हे उलटं वाटतं. भाषा आधी माणसांसाठी शिकायची, ग्रंथालयासाठी नंतर.

जत तालुक्यात कितीतरी घरांत कन्नड बोलतात. आरेवाडीच्या बिरोबाला जाणारा धनगर आणि सीमेपलीकडे बीरप्पाला भजणारा कुरुब, म्हणजे तिकडचा कन्नड मेंढपाळ, एकाच देवाची कथा गातात. धनगरी ओव्या घेतल्या आणि डोळ्ळिन पदं, म्हणजे कुरुबांची ढोलावरची कन्नड गाणी, सोडली, तर अर्धी कथा हातची गेली. दुभाष्यावर विसंबू नका. तो अर्थ सांगतो. पालुपद, पुनरुक्ती, मधले हुंकार गाळतो. अभ्यास तर त्यांचाच असतो!

कन्नड लिपी महिनाभरात बसते. अडतं ते ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओपाशी. आपल्या कानाला फरक कळत नाही आणि नेहमीच्या देवनागरीत तो लिहिताही येत नाही. म्हणून रेकॉर्डिंग कन्नड लिपीतच उतरवा. पुस्तकातली कन्नड जत-विजयपूरकडे जशीच्या तशी ऐकू येत नाही. नातेवाचक शब्द आणि क्रियापदांची रूपं पक्की झाली, की गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसायला लागा.

माण-खटावात काम असेल तर कन्नडची घाई नाही. तिथं आपलीच मराठी नीट ऐकायची. गाणारी 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिहा. 'होतं' केलंत की बोली गेली, कधी ओवीचा तोलही गेला.

देवस्थानाची, इनामाची जुनी कागदपत्रं पाहायची तर मोडी हवी. अक्षरं लवकर येतात. पण शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यामुळे जुन्या महसुली शब्दांची ओळख नसेल तर वाचन अडखळतं.

कैकाडी समाजाची भाषा तमिळच्या जवळची, वडार समाजाची वडारी तेलुगूच्या. कन्नड आली असेल तर दोन्हींची वाक्यरचना लवकर उमगते. पण समाजातल्या जाणत्यांना विचारल्याशिवाय शब्दसंग्रह छापू नका. ही भाषा त्यांची आहे.

आणि जर्मन? जर्मन अभ्यासक ग्युंटर सोन्थायमर यांचा बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबावरचा जर्मन ग्रंथ १९७६चा. त्याचं इंग्रजी भाषांतर १९८९मध्ये आलं. सुरुवातीला ते पुरे. पीएच.डी.ला मूळ ग्रंथ तपासायची वेळ आली, की वाचण्यापुरती जर्मन शिका.