२२ सीट्या

काल दुपारी काउंटरवरच्या मुलीनं मला लॅबमधून बोलावून घेतलं. पीसीआर तपासणीची, नमुन्यांच्या खळग्यांची प्लेट अर्धी भरून झाली होती, हातमोजे काढावे लागले. कारण काय, तर इतवारीच्या एका काकांना स्वाइन फ्लूच्या रिपोर्टची फेरतपासणी हवी होती. नमुन्याची नाही हो, मार्कांची!

"भाऊ, सीटी २२ लिहून ठेवलं तुम्ही. माह्या साळ्याले ३४ भेटले. तो दोन दिवस नुसता झोपून होता, मी आठ दिवसांपासून खोकून राहिलो. अन् मले २२च?"

"काका, इथं आकडा जितका कमी, तितका विषाणू जास्त."

काका थबकले. "सीटी म्हंजे कुकरची सीटी ना?"

मी नाही म्हणणार होतो. पण मग वाटलं, याहून चांगलं मलाही सांगता येणार नाही. म्हणून कुकरच धरून सांगितलं. विषाणूच्या आरएनएचा आधी ५० अंशांवर डीएनए करून घ्यायचा. मग ९५ अंशांवर दोन धागे सुटे करायचे, ६० वर उतरवलं की प्रायमर म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे चिकटतात आणि नवी प्रत तयार होते. असं ४० वेळा. दर फेरीला माल दुप्पट, निदान कागदावर तरी. सोबत प्रोब नावाचा आणखी एक तुकडा असतो: एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला त्याची चमक दाबणारा क्वेंचर. प्रत काढत येणारं एन्झाइम वाटेतला प्रोब तोडतं, रंग क्वेंचरपासून सुटतो आणि चमकतो. मशीन दर फेरीला उजेड मोजतं. ठरलेली रेषा ज्या फेरीत ओलांडली, ती सीटी. काकांची २२ व्या फेरीत वाजली, साळ्याची ३४ व्या. मधल्या १२ दुपटी म्हणजे ४०९६ पट.

"आमच्या घरचा कुकर ३ सीट्यात भात शिजवते बाप्पा. तुमचा ४० काऊन घेते?"

"थेंब २० मायक्रोलिटरचा असतो काका. त्यात तुमचा वाटा ५."

"मंग पैसे थेंबाच्या हिशेबानं घ्या ना!"

खरं सांगायचं तर पैसे थेंबाचे नसतातच, निस्तरण्याचे असतात. परवाचंच घ्या. नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेला जो कंट्रोल असतो, तो ३६ ला वर आला. पाण्याला स्वाइन फ्लू! एन्झाइम, प्रायमर वगैरेचं मिक्स जिथं बनवतात त्याच टेबलावर कुणीतरी आदल्या दिवशीची प्लेट उघडली होती. प्लेटच्या एका खळग्यात अब्जावधी प्रती, झाकण उघडलं की हवेत. मिक्सची खोली वेगळी ठेवा, फिल्टर टिप्स वापरा, टेबल ब्लीचनं पुसा हे भिंतीवर चिकटवलंय. भिंत मात्र कुणी वाचत नाही. अख्खी प्लेट फेकली. त्याआधी एकानं वरच्या फिल्मवर मार्करनं नंबर टाकले होते. मशीन त्याच फिल्ममधून उजेड बघतं! लिहायचंच तर कडेला लिहा ना.

आणि ते पार्सल! प्रती काढणारं टॅक एन्झाइम अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जंतूचं, त्याला आपला मे महिना म्हणजे हिल स्टेशन. पण त्याच डब्यातलं, आरएनएचा डीएनए करणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नाजूक. उणे २० ला ठेवायचा माल ४५ अंशांत शनिवारी दुपारी येतो, जेलपॅकचं पाणी झालेलं, आणि फोन केला की "सर, चार घंटेच तं बाहेर होतं." एन्झाइम अर्धमेलं झालं की सगळ्यांच्या सीट्या उशिरा वाजतात, कमी विषाणूवाला चक्क निगेटिव्ह निघतो. मुद्दाम विषाणूचा माल घातलेल्या पॉझिटिव्ह कंट्रोलकडे लक्ष नसेल तर कुणाला पत्ताही लागत नाही.

हे काकांना सांगण्यात अर्थ नव्हता. साळ्याचा रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा, किट वेगळं, स्वॅब कुणी किती वरवर फिरवला देव जाणे, तेव्हा ते ४०९६ मुळात लावायचेच नसतात, हे मात्र सांगायला हवं होतं. पण काका तोवर फोनवर होते.

"अबे, मार्क नाही ते, नंबर हाय! मी २२ वा, तू ३४ वा. चार हजारानं पुढं हावो मी तुह्या!"

मास्क हनुवटीवर घेऊन ते मनसोक्त खोकले. मग माझ्याकडे वळले, "भाऊ, हे ४०९६ रिपोर्टावर लिहून द्या ना. सही-शिक्क्यासंग."

आत बर्फावर मिक्स पाऊण तास पडून होतं. पॉझिटिव्ह कंट्रोल रोज २५ ला येतो, काल २६ ला आला.