तिसऱ्या डब्याची गोष्ट

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर पुढे सरका.

गेल्या रविवारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत, क्लबहाउसमध्ये, एक फिरतं चित्रप्रदर्शन येऊन गेलं. कसबा पेठेत एका जुन्या खाजगी देवळाचा लाकडी सभामंडप आहे, त्याच्या दुरुस्तीसाठी. करणारे कोणी मोठे लोक नाहीत. दोन निवृत्त चित्रकला शिक्षक, पेठेतली चार घरं आणि कला महाविद्यालयातली दहा-बारा पोरं. चित्र विकलं गेलं की निम्मे पैसे काढणाऱ्याला, निम्मे देवळाला. पहिला मुक्काम नारायण पेठेतल्या एका कार्यालयात झाला, मग सहकारनगर, मग आम्ही. शेवटचा थेट त्या सभामंडपातच.

चित्रं बरी होती. काही फारच बरी होती. एका मुलीनं सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवरचा गेंडा पेन्सिलीनं काढला होता. साखळदंडानं बांधलेला गेंडा आणि भोवती टोपीवाले शिपाई. ते देऊळ १७५४ साली बांधायला घेतलं. माझं माहेर तिथून चालत वीस मिनिटांवर, संकष्टीला कितीदा गेले असेन, पण गेंडा कधी बघितला नव्हता. नमस्काराला मान खाली, ती वर करायचं कोणाला सुचतंय! एकानं नुसत्या बसथांब्यांच्या पाट्या रंगवल्या होत्या : फडके हौद, बदामी हौद, खजिना विहीर. खाली बारीक अक्षरात, ‘पाहिलाय का?’ अस्सल पुणेरी खवचटपणा. मला आवडला.

मी घेतलं ते एका दिंडी दरवाज्याचं जलरंगातलं चित्र. तीन हजार रुपये. घरी आणून सोफ्याच्या वर लावलं. ह्यांनी चष्मा पुसून नीट बघितलं आणि म्हणाले, ‘‘वाडा विकून फ्लॅट घेतला, आता फ्लॅटच्या भिंतीवर वाडा टांगला. छान.’’

बोलणं झोंबलं, कारण खरं आहे. नारायण पेठेतला आमचा वाडा गेला तेव्हा सातही वाटेकऱ्यांनी सही केली होती. त्यातली एक माझी.

वाडा म्हटलं की लोकांचे डोळे लगेच पाणावतात, म्हणून सांगते. मागच्या अंगणात चार संडास आणि सकाळी बादल्यांची रांग. माजघरात भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता यायचे नाहीत. सुनांना कपडे बदलायला धड खोली नाही. माझा भाचा म्हणतो, ‘‘मावशी, जुनं किती दिवस कवटाळून बसायचं?’’ त्याचं अगदीच चूक नाही. सगळे वाडे राखावेत असं मीही म्हणणार नाही. पण आमचा वाडा कशानं गेला ते मी डोळ्यांनी बघितलंय आणि या पोस्टचा खटाटोप त्यासाठीच आहे.

तो पाण्यानं गेला. शनिवारवाड्याची १८२८ ची आग आपल्याला शाळेपासून पाठ. पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१, ही तारीख तर पेठेतल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी सांगतंच. पण आमच्या वाड्याला ना आग लागली ना तो पुरात पडला. जिन्यावरची दोन कौलं सरकली आणि पन्हळीत पिंपळाचं रोप आलं, एवढंच झालं. पाणी भिंतीत उतरलं, आणि तुळईचं टोक जिथे भिंतीत गाडलेलं असतं तिथे जाऊन बसलं. ते टोक बाहेरून दिसत नाही. वरून सागवान तुकतुकीत, आतून भुसा. काका दर मे महिन्यात म्हणायचे की यंदा छप्पर बघून घेऊ. पण भाडेकरूंचं भाडं महिना अकरा रुपये. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं ते तिथेच गोठलेलं, दुरुस्ती काढायची कशातून? भाडेकरू म्हणायचे मालकानं करावी, मालक म्हणायचे राहणाऱ्यानं करावी, आणि पिंपळ आपला वाढत होता. मग एका पावसाळ्यात जिना खचला. धोकादायक इमारतीची नोटीस लागली. त्यानंतर काय होतं ते पेठेत कोणालाही विचारा.

तर प्रदर्शनात दाराशी स्टीलचे तीन डबे ठेवले होते, फराळाचे असतात तसे, झाकणाला चीर पाडून. एकावर ‘भित्तिचित्रं’, दुसऱ्यावर ‘लाकूडकाम’, तिसऱ्यावर ‘छप्पर व पाणी’. सभामंडपात वरच्या पट्टीला जुनी चित्रं आहेत, धुरानं काळवंडलेली. पहिला डबा त्यांचा. मी दुपारभर तिथे खुर्ची टाकून होते, बँकेतली जुनी खोड, दुसऱ्याचे पैसे मोजायला आवडतं. संध्याकाळी डबे उघडले तेव्हा पहिला गच्च, दुसरा बरा, आणि तिसऱ्यात नऊशे चाळीस रुपये. त्यातले पाचशे त्याच पोरांपैकी कोणाचे तरी.

बरोबर एक गवंडी आले होते, साठीचे, चुन्याचं काम करणारे. मुलांना दाखवायला त्यांनी घमेल्यात थोडा चुना मळून आणला होता. विरवलेला चुना, वाळू, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. कुबट, गोडसर वास. दारातून आत आल्याबरोबर मला आमचा जिना आठवला. मी विचारलं, सिमेंटनं लिंपलं तर लवकर होणार नाही का? ते म्हणाले, ‘‘होईल की. पण ताई, चुना पाणी पितो आणि उन्हात परत देतो. सिमेंट आत गेलेलं सोडत नाही. मग लाकूड कुजतं, अन् लोक म्हणतात लाकूड जुनं होतं.’’ मग हळूच म्हणाले, ‘‘चित्रं रंगवायची घाई नका करू. आधी वर चढून बघा.’’

माझं म्हणणं तेवढंच आहे. छप्पर गळत असताना खालची चित्रं उजळणं म्हणजे पातेल्याला भोक असताना दूध आटवत बसणं. पण चित्राला पैसे देणारे मिळतात, पन्हळीला मिळत नाहीत. आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मोठी रक्कम देऊ केली, फक्त नावाची पाटी लावाल का म्हणाले. आता पन्हळीवर पाटी लावायची कुठे? (लावावी खरं तर. कावळे वाचतील.)

दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, गंजिफा जमवत आयुष्य घातलं आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. कोथरूडचा मस्तानी महाल त्यांनी सुटा करून आणून संग्रहालयात पुन्हा उभा केला. त्यांच्यापुढे हात जोडूनच म्हणते, वाड्याचा दरवाजा संग्रहालयात पोचला की आपल्याला वाटतं वारसा वाचला. आमच्या वाड्याचे खांब गेले ते बुधवारच्या जुन्या बाजारात. भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, आणि २०२३ च्या डिसेंबरात ती मोडकळीला आलेली इमारत पाडावी लागली. तिथे स्मारक होतंय, व्हायलाच हवं. पण ते छप्पर वेळेत शाकारलं असतं तर मुलींना तिथे नेऊन ‘इथे’ असं बोट ठेवून दाखवता आलं असतं.

दर मे महिन्यात एक माणूस वर चढवायचा, पन्हळ साफ करायची, पाच-पन्नास कौलं बदलायची. आपल्याकडच्या लग्नातल्या आइस्क्रीमच्या काउंटरपेक्षा खर्च कमी. म्हणून आयोजकांना मी भीडभाड न ठेवता सांगितलं : डबे तीन ठेवू नका, एकच ठेवा आणि आधी छप्पर करा. शिक्षक म्हणाले, मग लोक देत नाहीत हो. ते अनुभवानं बोलत असतील, मी कटकट करणारी म्हातारी. पण माझं मत बदललेलं नाही.

निघताना दोन हजार दिले. पावती फाडणारा मुलगा विशीतला, कानात बाळी, वागायला फार गोड. ‘कशासाठी’ या रकान्यात काय लिहू आजी, म्हणाला. मी म्हटलं, पन्हळ लिही. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि लिहिलं.

घरी येऊन चष्मा लावून वाचलं तर ‘पन्हाळा’. म्हणजे कागदोपत्री माझे दोन हजार कोल्हापूरच्या किल्ल्याला गेलेत. पावती चित्राच्या चौकटीत खोचून ठेवली आहे.